खुडूक कोंबडीखाली पिल्लं काढायची आणि जगवायची कशी?

संगमेश्वरकडच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: त्यांच्याकडे सहा-सात गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. पावसाळ्यात एका कोंबडीखाली १६ अंडी ठेवली होती. ६ पिल्लं निघाली आणि दीड महिन्यात त्यातलं एकच उरलं. आता दिवाळीनंतर दुसरी कोंबडी खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसू लागली आहे. घरातले म्हणतात, कोंबडीच्या नादी लागू नका, उबवणीचं मशीन घ्या. ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: अंडी किती ठेवायची, हॅचरीची (उबवणी केंद्रातली) एक दिवसाची पिल्लं तिच्याखाली सोडता येतील का, आणि पिल्लं मरतात ती का.

ताई, मशीनचा विषय आधी संपवते. सहा-सात कोंबड्यांच्या घरात मशीन घेऊ नका. मशीन फार तर पिल्लू बाहेर काढून देईल. त्यानंतर त्याला ऊब द्यायला बल्ब लागतो, पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश तापमान लागतं, पुढे दर आठवड्याला ते दोन-तीन अंशांनी उतरवत न्यावं लागतं, आणि आपल्याकडे रात्री लाईट गेली की सगळं मुसळ केरात. कोंबडी ही ऊब स्वतः देते, दाणा कुठला आणि खडा कुठला हे शिकवते, घार दिसली की ओरडून पिल्लांना पंखाखाली घेते. हे कुठल्याही मशीनला येत नाही.

तुमचं नुकसान कोंबडीमुळे झालं असंही मला वाटत नाही. १६ मधली १० अंडी फुकट गेली आणि ६ मधली ५ पिल्लं गेली, ही दोन वेगळी दुखणी आहेत. अंडी बिघडतात ती बहुतेक वेळा कोंबडी बसायच्या आधीच. पिल्लं मरतात ती पहिल्या महिन्यात. मधले २१ दिवस कोंबडी आपलं काम चोख करते. आपण तिच्या आधीचं आणि नंतरचं काम नीट करायचं. पशुसखी म्हणून लस घेऊन मी घरोघरी फिरते, तिथे हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. कोंबडीला दोष लावला जातो, अंड्यांचं वय कुणी विचारत नाही.

आधी कोंबडी खरोखर खुडूक झाली आहे का ते बघा. दिवसभर घरट्यात बसते एवढ्यावर जाऊ नका. संध्याकाळी बाकीच्या कोंबड्या माच्यावर चढल्या तरी ती घरट्यातच राहते का? हात जवळ नेला की पिसं फुलवून गुरगुरते का? पोटाखाली हात घातला तर छातीची पिसं उपटून तिथली कातडी उघडी पडलेली आणि चांगली ऊन लागते का? दिवसातून एकदाच उठून मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते का? सलग दोन-तीन रात्री हे सगळं दिसलं तर तिच्या भरवशावर अंडी ठेवा. शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं की अंडी घालणं थांबतं आणि बसण्याची ओढ लागते. फक्त अंड्यांसाठी पाळतात त्या पांढऱ्या लेयर कोंबड्यांमधून हा गुण निवडीने काढून टाकला आहे. गिरिराज, वनराज या सुधारित जाती क्वचितच बसतात. कडकनाथ बसली तरी तिचा भरवसा धरू नये, म्हणून कडकनाथचीही अंडी लोक गावठीखालीच उबवतात. आपली गावठी कोंबडी या कामात सगळ्यात पक्की. तिची कदर करा.

आता अंडी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या १० अंड्यांचं उत्तर इथेच आहे.

गावठी कोंबडी एका खेपेला १२ ते १५ अंडी घालते, तीही रोज नाही, मध्ये खाडे पाडत. म्हणजे ती खुडूक होते तेव्हा पहिलं अंडं पंधरा-वीस दिवसांचं झालेलं असतं. आपण काय करतो? टोपलीत साठलेली सगळीच्या सगळी तिच्याखाली सरकवतो. कोकणातल्या उकाड्यात ती अंडी आधीच खराब झालेली असतात. अंड्यातला गर्भ साधारण २१ अंशांच्या वर हळूहळू जागा होतो. त्याला पुरती ऊब मिळत नाही आणि पुरता गारवाही मिळत नाही. असा अर्धवट जागा झालेला गर्भ कमजोर होतो, आणि पुढे कोंबडी बसली तरी पहिल्याच आठवड्यात मरतो. उघडून बघितलं तर आपल्याला वाटतं अंडं फोलच होतं. ते फोल नव्हतं, म्हातारं झालं होतं.

म्हणून आजपासून प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख घाला. बसवताना सात दिवसांच्या आतली अंडीच घ्या, त्याआधीची खुशाल खा. एप्रिल-मेमध्ये तर तीन-चार दिवसांच्या पलीकडचं अंडं ठेवूच नये. एका कोंबडीची ताजी अंडी पुरत नसतील तर तुमच्याच दुसऱ्या कोंबड्यांची त्या आठवड्यातली घ्या. साठवताना घरातला सगळ्यात गार कोपरा निवडा. रुंद तोंडाच्या मडक्यात वाळू घालून, निमुळतं टोक खाली आणि रुंद टोक वर अशी उभी ठेवा, कारण रुंद टोकात हवेची पोकळी असते. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथला गारवा गर्भाला सोसत नाही. आणि धुऊ नका. कवचावर एक पातळ नैसर्गिक थर असतो, तो जंतूंना आत शिरू देत नाही. पाण्याने तोच निघून जातो. विष्ठा लागलेली, खरबरीत, लांबुळकी, अती मोठी, टिचलेली अंडी बाजूला काढा.

कोंबड्याचंही बघा. एका कोंबड्यामागे आठ-दहा माद्या ठीक, तुमच्याकडे सहा-सातच आहेत तेव्हा संख्येची अडचण नाही. पण तो कोंबडा तुमच्याच घरात जन्मलेला असेल, म्हणजे या कोंबड्यांचा भाऊ किंवा मुलगा असेल, तर फळणारी अंडी कमी होतात आणि पिल्लंही नाजूक निपजतात. दोन वर्षांत एकदा तरी दुसऱ्या वाडीतल्या कोणाशी कोंबडा बदलून घ्या. यात खर्च काही नाही, आणि त्याचा फायदा मी अनेक घरांत पाहिला आहे.

किती ठेवायची? तुमच्या कोंबडीचं वजन सव्वा-दीड किलो असेल, तर या थंडीच्या दिवसांत ९ ते ११. १६ कधीच नाही. लोकांना वाटतं जास्त ठेवली तर फार तर कडेची चार जातील. तसं होत नाही. कोंबडी दिवसभर चोचीने अंडी फिरवत असते, मधलं कडेला, कडेचं मध्ये. म्हणून जास्तीची अंडी ठेवली की गारठा आळीपाळीने सगळ्यांनाच लागतो आणि चांगलीही बिघडतात. विषम संख्येत ठेवायची जुनी रीत आहे, पाळायची तर पाळा, त्याने बिघडत काही नाही. मात्र ११ च्या वर जाऊ नका.

घरटं अंधाऱ्या, शांत, कोरड्या जागी हवं. पडवीचा कोपरा चालेल, जिथे कुत्रं-मांजर येत नाही आणि इतर कोंबड्यांची वर्दळ नाही. पत्र्याचं घमेलं नको, ते गार पडतं. वेताची किंवा बांबूची टोपली किंवा लाकडी खोका घ्या. तळाला दोन-तीन बोटं मऊ माती किंवा वाळू, मधोमध किंचित खोलगट, वर भाताचा कोरडा पेंढा. फार खोल करू नका, अंडी एकमेकांवर चढून फुटतात. पेंढ्यात चुलीतली चाळलेली राख आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला मिसळा.

राखेचं मी सहज सांगत नाही. कोंबडी दहाव्या-बाराव्या दिवशी अंडी सोडून उठली की लोक म्हणतात हिला माया नाही. रात्री घरट्यात हात घालून बघा, मनगटावर बारीक किडे चढताना दिसतील. हे किडे दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. एका जागी बसून राहणाऱ्या कोंबडीला ते अक्षरशः पोखरतात. म्हणून बसवण्याआधी तिचे पंख उचलून बघा, शेपटीखाली बघा, पिसांच्या मुळाशी उवांची अंडी चिकटलेली आहेत का तपासा आणि राख चोळा. खोका जुना असेल तर कडक उन्हात दोन दिवस ठेवा आणि फटींना चुना मारा. शेतात फवारायचं औषध घरट्यावर कधीही वापरू नका, पिल्लं त्यातच जन्मणार आहेत.

बसवायचं ते रात्री. आधी दोन दिवस खाण्याची दोन अंडी ठेवून ती नव्या जागी टिकते का बघा. टिकली तर तिसऱ्या रात्री ती काढून निवडलेली सगळी अंडी एकदम ठेवा. एकदम हे महत्त्वाचं. आज चार, परवा तीन असं केलं तर पिल्लंही तशीच मागेपुढे निघतात. कोंबडी पहिल्या पिल्लांना घेऊन उठते आणि मागची अंडी आतल्या जिवंत पिल्लासकट थंड पडतात. अंड्यांवर कोळशाने रेघ मारून ठेवा. दुसरी कोंबडी घरट्यात जाऊन अंडं घालते, ते बिनरेघेचं अंडं रोज संध्याकाळी काढून टाकता येतं.

बसल्यावर तिला दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठू द्या. दाणा, पाणी, विष्ठा आणि मातीत लोळणं, एवढं तिचं उरकतं. अर्धा तास लागला तरी घाबरू नका, अंडी तेवढा गारवा सोसतात. एखादी कोंबडी उठतच नाही, उपाशी राहून सुकत जाते. तिला रोज ठरल्या वेळी दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवा. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना हे आधी चाचपून बघा. या दिवसांत तिला अख्खे दाणे द्या: ज्वारी, मका, भात. पाणी घरट्यापासून दोन-तीन हातांवर असू दे, घरट्याला लागून नको, सांडून पेंढा ओला होतो.

सातव्या रात्री अंडी बघायची. सगळे दिवे बंद करा. मोबाईलचा टॉर्च चालतो. डाव्या हाताची मूठ टॉर्चवर अशी धरायची की उजेड अंगठा आणि तर्जनीच्या कड्यातूनच वर येईल, आणि अंड्याचं रुंद टोक त्या कड्यावर टेकवायचं. फळलेल्या अंड्यात गडद ठिपका दिसतो आणि त्याच्यापासून चारी बाजूंना लाल शिरांचं जाळं पसरलेलं असतं. जरा थांबलात तर तो ठिपका हलताना दिसतो. अंडं आरपार पिवळसर स्वच्छ दिसलं तर ते फळलेलं नाही. शिरा नाहीत पण लाल गोल कडं आहे, तर गर्भ धरला होता आणि मेला. ही दोन्ही प्रकारची काढून टाका, कारण सडलेलं अंडं घरट्यात फुटलं तर सगळी बॅच नासते. गडद तपकिरी कवचाचं अंडं नीट कळत नाही, ते राहू द्या आणि चौदाव्या रात्री पुन्हा बघा. तोवर जिवंत अंडं हवेची पोकळी सोडून पूर्ण काळं दिसायला हवं. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नका. काहीजण शेवटी अंडी कोमट पाण्यात सोडून हलतात का बघतात. ते करू नका. कवचाला बारीक चीर गेलेली असेल तर आतलं पिल्लू बुडून मरतं.

वीज कडाडली की अंडी जातात म्हणून घरट्यात खिळा किंवा कोळसा ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे. ठेवलात तर नुकसान नाही. पण पावसाळ्यात अंडी जातात ती गडगडाटाने नाही, ओलीने. दमट पेंढा, बुरशी, भिजून आलेली कोंबडी, घाण लागलेली आणि मग धुतलेली अंडी, ही खरी कारणं. तुमची मागची बॅच पावसाळ्यातली होती, हेही त्या १० अंड्यांमागचं एक कारण असणार.

विसाव्या दिवशी कान लावलात तर अंड्यातून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी खालच्या आवाजात उत्तर देत असते. पहिली चीर पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. या वेळेत ते पिवळ्या बलकाचा उरलेला भाग पोटात ओढून घेत असतं आणि कवचाच्या आतल्या पडद्यातलं रक्त अंगात मुरत असतं. आपण घाईने कवच सोललं तर त्या शिरा तुटतात आणि पिल्लू रक्त जाऊन मरतं. हात बांधून बसा. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज काढतं, त्यामुळे लगेच खायला घालायचीही घाई नको. रिकामी कवचं तेवढी काढा. कोंबडी आपण होऊन उठेल तेव्हा उठू दे. तेविसाव्या दिवसानंतर उरलेलं अंडं ठेवू नका.

हॅचरीच्या पिल्लांचं विचारलंत. सोडता येतात, पण अट कडक आहे. कोंबडी किमान अठरा-वीस दिवस बसलेली हवी, आणि पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत. रात्री पूर्ण अंधारात, एकेक पिल्लू मागच्या बाजूने तिच्या पोटाखाली सरकवायचं आणि तेवढी अंडी काढून घ्यायची. पहाटे उजाडायच्या आत जाऊन बघायचं. तिने पंखाखाली घेतलेली असली आणि ती हळू आवाजात त्यांना बोलावत असली तर काम झालं. ती टोचत असेल तर ताबडतोब काढा, एका टोच्यात डोळा जातो. चार दिवसांचं पिल्लू आईची हाक ओळखायला शिकायच्या पलीकडे गेलेलं असतं, ते तिच्यामागे जात नाही. तुमचा आकडा २० चा असेल तर तो मनातून काढा. थंडीत सगळी मिळून १२ ते १४ च्या वर तिच्या पंखाखाली मावत नाहीत, आणि बाहेर राहिलेलं पिल्लू पहाटेच्या गारठ्यात मरतं. मोठ्या होणाऱ्या जातीची पिल्लं तर तीन आठवड्यांतच इतकी वाढतात की निम्मी बाहेर पडतात. आणखी एक बघा: तुमच्या गावात तेव्हा कोंबड्या मरत असतील तर बाहेरची पिल्लं आणूच नका.

आता पहिला महिना. तुमची पाच पिल्लं इथे गेली.

सगळ्यात आधी जागा. पहिले दोन-तीन आठवडे कोंबडी आणि पिल्लं मोकळी सोडू नका. आपल्याकडे घार, शिक्रा, कावळा, भारद्वाज, मुंगूस, मांजर, उंदीर, घूस, साप एवढे पिल्लाच्या मागावर असतात. कावळ्याकडे लोक दुर्लक्ष करतात, पण पहिल्या दहा दिवसांत तो घारीइतकाच नेतो. अंगणात चार फूट रुंद, सहा फूट लांब कुंपण करा. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावा आणि ती वीतभर जमिनीत गाडा. कोंबड्यांची षटकोनी जाळी उंदराला अडवत नाही. वरून मासेमारीचं जुनं जाळं ताणलं तरी पुरतं. बंदरावरच्या ओळखीच्या माणसाला सांगितलंत तर ते मिळून जातं. अर्ध्या भागावर झापं किंवा पत्रा टाका, सावली आणि दव दोन्हीसाठी. रात्री मात्र सगळ्यांना बंद खुराड्यात घ्या. उंदीर आणि घूस कोंबडीच्या पोटाखालून रात्री पिल्लू ओढून नेतात आणि सकाळी आपण म्हणतो पिल्लं कमी कशी झाली. खुराड्याला बोट शिरेल एवढीही फट ठेवू नका.

मग खाणं. आपण पिल्लांसमोर तांदळाची कणी टाकतो आणि निश्चिंत होतो. कणीने पोट भरतं, पिल्लू वाढत नाही. तांदळात प्रथिनं जेमतेम ७-८ टक्के, पिल्लाला २० टक्क्यांच्या आसपास लागतात. पहिला महिना तरी चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) आणा, दहा पिल्लांना तो फार लागत नाही. परवडत नसेल तर घरी करा: एक किलोत साधारण ५५० ग्रॅम मका किंवा कणीचा भरडा, २५० ग्रॅम शेंगदाणा पेंड, १०० ग्रॅम बिनमिठाच्या सुकटीची पूड, १०० ग्रॅम भाताचा बारीक कोंडा. सुकट खारवलेली असेल तर वापरू नका, जास्त मीठ पिल्लांना मारतं. पेंडीला बुरशीचा वास येत असेल तर तीही फेकून द्या, त्या बुरशीचं विष पिल्लाचं यकृत निकामी करतं. या घरच्या खाद्यासोबत शेवग्याचा किंवा राजगिऱ्याचा बारीक चिरलेला पाला रोज हवा.

वाळवीही द्या. जुन्या मडक्यात ओलं गोणपाट, शेण आणि काटक्या भरून वाळवीच्या जागी संध्याकाळी पालथं घाला, सकाळी उलटं करून कोंबडीसमोर झटका. ते बघण्यासारखं असतं. कोंबडी वाळवी चोचीत धरते, टुक-टुक-टुक आवाज काढते, टाकते, पुन्हा उचलते, पुन्हा टाकते, पण स्वतः गिळत नाही. पिल्लं धावत येऊन तिच्या चोचीसमोरूनच उचलतात. कुठली गोष्ट खायची हे त्यांना असं कळतं. बल्बखालच्या पिल्लांना हे शिकवणारं कुणी नसतं.

मोठी कोंबडी पिल्लांचं महागडं खाद्य संपवते ही खरी अडचण. त्यावर सोपा उपाय आहे. डालगं पालथं घालून त्याच्या कडेखाली तीन-चार विटांचे तुकडे ठेवा, म्हणजे खाली चार बोटं जागा राहील. खाद्य डालग्याच्या आत. पिल्लं आत-बाहेर करतात, आई बाहेर ज्वारी खाते. तिने स्टार्टर खाल्लं तरी तिला बाधत नाही. उलट करू नका: अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पिल्लांना देऊ नका. त्यात कवचासाठी कॅल्शियम भरपूर असतं, त्याने पिल्लांची मूत्रपिंडं बिघडतात.

पाण्याचं भांडं उथळ हवं. ताटलीत स्वच्छ गोटे टाका आणि त्यांच्या मधे पाणी. पिल्लू बोटभर पाण्यात बुडतं, आणि नुसतं भिजलं तरी गारठून मरतं. पाणी दिवसातून दोनदा बदला.

आता लस, आणि इथे मी हात जोडून सांगते. मानमोडी (राणीखेत रोग) आली तर औषध नाही. हिरवट-पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास, मान वाकडी, आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा. देवीची (अंगावर फोड येतात त्या रोगाची) आणि मानमोडीची टोचायची लस सहा ते आठ आठवड्यांनी, दोन्हींत आठवड्याभराचं अंतर ठेवून. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, म्हणून एकटीने आणायला कठीण वाटतं. वाडीतल्या चार-पाच घरांनी एक दिवस ठरवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवा. लस बर्फात आणायची, विरघळवल्यावर तासा-दोन तासांत संपवायची, उरलेली उद्यासाठी ठेवायची नाही. संध्याकाळी गारव्याला द्या. आजारी पिल्लाला देऊ नका. आणि कोंबडीला अंड्यावर येण्याआधीच लस झालेली असेल, तर तिच्या अंड्यातून पिल्लाला पहिले काही दिवस थोडं संरक्षण मिळतं. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा.

तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण होते. विष्ठेत रक्त, पिसं फुगवून, मान आत घेऊन उभी. ओल हे तिचं घर. खुराड्यातला भुसा किंवा कोंडा रोज हलवा, ओला भाग उचलून टाका. दिसलीच तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, पाण्यातून द्यायचं औषध आहे, आणि ते वेळेत दिलं तर पिल्लं वाचतात. हळदीवर दोन दिवस घालवू नका. डोळ्यांभोवती, चोचीपाशी फोड आले तर ती देवी. ती डासांमधून पसरते, म्हणून खुराड्याजवळ पाणी साचू देऊ नका.

तुमची वेळ यंदा चांगली आहे. आत्ता बसवलीत तर पिल्लं डिसेंबरात निघतील, कोरडी हवा मिळेल, आणि मे महिन्यात चाकरमानी येतील तेव्हा कोंबडे पाच महिन्यांचे झालेले असतील. गावठी कोंबडा घरी मागायला येणारं गिऱ्हाईक तेव्हाच सगळ्यात जास्त असतं. माद्या मात्र विकू नका. ११ अंड्यांतून आठ-नऊ पिल्लं आणि त्यातली सहा-सात दोन महिन्यांची झाली, तर तुमची बॅच उत्तम झाली असं समजा.

साधारण सहा ते आठ आठवड्यांनी कोंबडी स्वतःच पिल्लांना टोचून लांब करू लागते, तिचा तुरा पुन्हा लाल होतो. तेव्हा तिला रात्री माच्यावर चढू द्या, पिल्लं खाली एकत्र झोपतात. ती लवकर अंड्यावर यावी म्हणून पिल्लं चार आठवड्यांत तोडायची असतील तर थंडी सरल्यावरच तोडा. काही घरांत पिल्लं काढून घेऊन तिच्याखाली लगेच दुसरी अंडी ठेवतात. ती बसते, बिचारी, पण तिचं अंग पार उतरतं. उबवणीत ती आधीच वजन गमावते. दोन बॅचमध्ये तिला एक अंड्यांची खेप होऊ द्या आणि चांगलं खाऊ घाला.

एखादी कोंबडी नको त्या वेळी खुडूक झाली, पावसाच्या धारेत किंवा मेच्या उन्हात, तर तिला पाण्यात बुडवू नका आणि नाकात पीसही खुपसू नका. तळाला कामट्या असलेल्या, खालून हवा खेळणाऱ्या उंच पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, आत पेंढा नको, दाणा-पाणी भरपूर. पोटाखाली गार वारा लागला की बसायची ओढ उतरते आणि काही दिवसांत ती पुन्हा अंडी घालते.

आणि या कोंबडीच्या पिल्लांतल्या तलंगांपैकी (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्यांपैकी) दोन तरी खुणेची चिंधी बांधून ठेवा. नीट बसणाऱ्या आणि पिल्लं राखणाऱ्या कोंबडीचा गुण बहुधा मुलीत उतरतो, आणि तशी मादी बाजारात विकत मिळत नाही.